खळ्यावरचा कंटेनर

१२ नोव्हेंबर १९९४

वीट लावायची नाही म्हणे! एकसुद्धा!

भावजी आज ओट्यावर बसून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. "शेवंते, खळ्यान एक जरी वीट ठेवलीस ना, तं मी सोता उपटून खाडीन टाकीन." मी म्हटलं, अर्धं खळं ह्यांच्या वाट्याचं आहे. तर म्हणाले, "वाटनी झालीय कवा?"

ते खरंच आहे. वाटणी झाली नाही. घरामागची ही मासळी सुकवायची जागा सासऱ्यांच्या मागे दोघा भावांची झाली, दामाजी भावजींची आणि ह्यांची. पण भाऊ-भाऊ आहेत तर कागद कशाला, असं म्हणत राहिले. मग हे गेले. दोन वर्षं झाली. आता मला पडवी दिलीय, त्यात मी, माझं शिलाईचं मशीन, आणि मालूबाईंची सुकटाची पोती. मालूबाई म्हणजे भावजींची बायको, माझी थोरली जाऊ. डोंबिवलीच्या सोसायटीतल्या बायका ब्लाउज शिवायला येतात त्या नाकाला पदर लावून उभ्या राहतात आणि पुन्हा येत नाहीत.

मला एक खोली हवी. माझं दार, माझी कडी. जास्त काही मागत नाही मी. आणि भावजींनी ओरडून काही होणार नाही, ती मी घेणार.

२० नोव्हेंबर

पनवेलला साखरपुड्याला गेलेले. येताना शीळफाट्याला बस बंद पडली म्हणून सगळे खाली उतरलो. रस्त्याच्या कडेला बांधकाम चाललंय, तिथे एक निळा कंटेनर ठेवलाय. जहाजावरून येतो ना, तो. त्याला खिडकी कापलेली, आत पंखा, टेबल, आणि एक साहेब चहा पीत बसलेला! खाली नुसते चार सिमेंटचे ठोकळे. पाया नाही, खोदकाम नाही, वीट नाही.

बस दुरुस्त झाली तरी मी तिथेच बघत उभी. कंडक्टर ओरडला तेव्हा चढले.

भावजींनी विटेला बंदी घातलीय. लोखंडाबद्दल ते काही बोललेले नाहीत!

२१ नोव्हेंबर

घरात सांगून टाकलं. लपवायचं कशाला?

भावजी हसले. इतके हसले की ठसका लागला. मालूबाई म्हणाल्या, "डब्यान बोंबील ठेवतात गो, बाई नाय ठेवत." आई — माझ्या सासूबाई, गंगूबाई — सुपात जवळा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घराला पाया लागतो. बिनपायाचा कसला घर?"

मी उठून मशीनवर जाऊन बसले. पण आता मागे हटायचा प्रश्नच नाही. हसले नसते तर कदाचित हटलेही असते.

२८ नोव्हेंबर

ठाण्याला सरोजकडे गेलेले. सरोज माझी शाळेतली मैत्रीण, एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. दिवसभर कंटेनरचेच कागद टाइप करते. तिला म्हटलं, मला ह्यांची भाषा शिकव, नाहीतर तो यार्डवाला मला टोपी घालेल.

तिने डबा खाता खाता शिकवलं. मला उमगलं तसं लिहून ठेवते.

ट्वेंटी म्हणजे वीस फुटी. फोर्टी म्हणजे चाळीस. पण हे माप बाहेरचं! आत सगळीकडून कमी भरतं. कपाट ठरवताना आतलं माप धरायचं. हाय क्यूब म्हणजे फूटभर जास्त उंच. तो बहुतेक चाळीस फुटीतच मिळतो, म्हणजे आपल्याला नको. ड्राय म्हणजे साधा, रीफर म्हणजे गारेगार ठेवणारा. रीफरच्या भिंती जाड, आत जागा कमी, आणि मशीन बंद पडलेलं असतं तरी विकणारा ऐट मारतो.

टेअर म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन. क्रेनवाला ते आधी विचारतो.

वन ट्रिप म्हणजे कारखान्यातून निघून माल घेऊन एकच फेरी केलेला. जवळजवळ नवाच धरतात, किंमतही तशीच. मी सरोजला म्हटलं, मग मीही वन ट्रिपच की! मालूबाई मात्र मला भंगारात धरतात. सरोजला हसताना वरणाचा घास नाकात गेला.

मग जुन्यांच्या तीन पायऱ्या. हे महत्त्वाचं. 'ॲज इज' म्हणजे आहे तसा घ्या, नंतर तोंड वर करून यायचं नाही. 'विंड अँड वॉटर टाइट' म्हणजे वारा-पाणी आत येणार नाही, एका जागी ठेवून वापरायला ठीक. आणि 'कार्गो वर्दी' म्हणजे अजूनही माल भरून उचलायच्या, जहाजावर चढवायच्या लायकीचा. त्याच्या दारावर एक पत्र्याची पाटी असते, सीएससी प्लेट, तिच्यावर तपासणीची तारीख. आठही कोपऱ्यांना जाड ओतीव लोखंडाचे भोकवाले ठोकळे असतात, त्यांना कॉर्नर कास्टिंग म्हणतात. उचलताना वरच्या चार भोकांतच आकडे घालतात.

"तुला विंड अँड वॉटर टाइट पुरे," सरोज म्हणाली. "राहायचंय ना? कुठे पाठवायचाय थोडाच."

११ डिसेंबर

परशुराममामाला घेऊन यार्डात गेले. मामा शहाडला नदीकाठी राहतो, रेतीच्या होड्या बांधतो. आई-बाबांच्या मागे माहेर म्हणाल तर तेच. दर वेळी म्हणतो, "बाय, माज्या आंगनान जागा हाय, ये ऱ्हायला." येणार नाही. मामीच्या चुलीशी आश्रित होऊन बसायला मी काय सासरहून पळालेय?

यार्ड शीळफाट्याच्या पुढे, पनवेलच्या रस्त्याला. डब्यांवर डबे! शेठने एक हिरवा दाखवला. स्वस्तात देतो म्हणाला. मामाने आधी त्याला सगळीकडून होडीसारखं ठोकून पाहिलं, कान लावला, खाली वाकून बूड पाहिलं. मग आम्ही आत गेलो आणि दार लावून घेतलं. सरोजने सांगितलेलं, आत अंधारात उभं राहून उजेड येतो का बघायचं. छपरात बारीक बारीक ठिपके दिसले, खूप.

मामा म्हणाला, "त्याचा काय नाय गो. होडी उन्हान सुकली की फटी पडतातच. पान्यान गेली की फुगते नि आपोआप बुजते. दोन सरी पडू दे, बघ."

मला एकदम पटलं! जन्मभर होड्या तशाच बुजताना पाहिल्यात. शेठनेही मान डोलावली. "बराबर बोला काका." इसार देणार होते, पण शेठकडे सुटे नव्हते म्हणून पुढच्या रविवारी येते म्हटलं.

११ डिसेंबर, परत

लाकूड फुगतं! लोखंड फुगतं ते गंजून!

पोळ्या लाटताना आठवलं. लाटणं हातातच राहिलं. आम्ही दोघे खाडीकाठचे शहाणे त्या डब्यात उभे राहून माना डोलावत होतो, आणि शेठ मनातल्या मनात लोळला असेल.

१८ डिसेंबर

आज सरोज आणि मामा दोघे बरोबर. मामा तोंड पाडून होता. म्हणाला, "मी लाकडाचा मानूस." मी म्हटलं, म्हणूनच आणलंय, बूड तूच बघ.

शेठला सरळ विचारलं, कार्गो वर्दी कुठले? तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला. "बाई, आपको रहना है कि लंडन भेजना है? कमरे के लिए वो क्यों?" सरोजनेही कानात सांगितलं, उगाच जास्त घालवू नकोस, पाणी नाही शिरलं म्हणजे झालं.

दोघांचं बरोबर असेलही. पण तो हसला ना, तिथेच माझं ठरलं. आणि मामाने होडीबद्दल नेहमी म्हणतो तेच म्हटलं, "पान्यान घालाच्या लायकीची नाय, तं ती होडी कशाला बोलाची?" मला ते पटलं. कंटेनर घ्यायचा तर उचलता येणारा घ्यायचा, नाहीतर ती नुसती पत्र्याची खोली झाली. हट्ट म्हणा. माझ्या पाटल्या मोडून घेतेय, हट्टही माझाच असणार.

तपकिरी रंगाचा एक निघाला. अंगावर पोचे आहेत, पण आत दार लावलं तर काळाकुट्ट अंधार. दाराचं रबर शाबूत. पाटी जागेवर, तारीख चालू. कोपरे मी एकेक हात फिरवून पाहिले, शिडी लावून वरचेही. शेठ म्हणाला, "इतना तो लडकी देखने में भी नहीं देखते." मी म्हटलं, देखते हैं सेठ, मेरेको ऐसेच देखा था.

आत पूर्वी काय भरत होते तेही विचारलं. चहाच्या पेट्या म्हणाला. डब्याच्या तळाला लाकडी फळ्या असतात, त्यांना कीड लागू नये म्हणून विष मारतात, त्यावर फरशी घालून घ्या असंही सांगितलं. हे मात्र न विचारता सांगितलं, म्हणून त्याचे थोडे गुन्हे माफ.

८ जानेवारी १९९५

आला!!

ट्रेलर आमच्या बोळात उलटाच घ्यावा लागतो, म्हणून दार कुठल्या तोंडाला पाहिजे ते यार्डातच सांगायचं असतं. एकदा चढवला की वाटेत फिरवता येत नाही. भावजींनी निरोप दिलेला, दार त्यांच्या ओट्याकडे नको, माझं तोंड दिसायला नको. बरं झालं! मलाही खाडीच हवी होती.

अख्खं गाव जमलेलं. क्रेनवाल्याने चार कोपऱ्यांत आकडे घातले, साखळ्या ताणल्या, आणि माझं घर हवेत! कोणी शिट्ट्या मारल्या. शेजारची आवडाबाई माझा हात घट्ट धरून "आय एकवीरे" म्हणत होती. ठोकळ्यांवर टेकला तेव्हा इतका हलका आवाज झाला की मला रडू आलं. भावजी ओट्यावर नव्हते. घरात बसून होते.

संध्याकाळी गेले तर चारही खालच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं. नारळही फोडलेला, नवी होडी पाण्यात घालताना करतात तसं. कोणी केलं विचारलं. कोणी बोलेना. आईंची बोटं मात्र पिवळी होती.

२ फेब्रुवारी

खिडकी कापली. एकच, लांबीच्या भिंतीला, मधोमध, भोवती अँगलची चौकट. कोपऱ्याच्या खांबांना अजिबात हात लावू दिला नाही. वेल्डर म्हणाला, दोन कापा, हवा खेळेल. सरोजच्या साहेबांनी सांगितलंय, जास्त कापलं तर उचलताना वाकतो. वेल्डर म्हणाला, "उचलतंय कोण?" सगळ्यांना एकच प्रश्न पडतो.

खाली शहाबादी घातली. दारावर पाटी: शेवंती लेडीज टेलर.

१९ एप्रिल

तापतो! हे कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी मशीनचं चाकसुद्धा हाताला चटका देतं. मालूबाई दारावरून जाताना म्हणतात, "भट्टी पेटली काय गो?"

वर झावळ्या टाकल्या, पांढरा चुना मारला, पंखा लावला. दुपारी शिवत नाही, सकाळी आणि संध्याकाळी शिवते. पण पडवीत परत जाणार नाही. घाम माझा आहे, कोणाचं काय जातं?

सोसायटीतल्या बायका परत यायला लागल्यात. एक तर म्हणाली, किती वेगळं आहे ना तुमचं. मी तिचा ब्लाउज एक दिवस आधी दिला.

१४ जुलै

मोठ्या घराची कौलं गळतायत. आईंचं अंथरूण भिजलं. त्या घोंगडी घेऊन दारात उभ्या. "आजचा दिस फकस्त."

आत आल्या, भिंतीला हात लावून पाहिला, छताकडे बघितलं. एक थेंब नाही. म्हणाल्या, "पाया नाय तो नाय." आणि झोपल्या.

३० ऑगस्ट

'आजचा दिस' अजून संपलेला नाही! आईंचा देव्हारासुद्धा आला. मला म्हणाल्या, तिकडे उंदीर फार झाले.

दिवसभर काजं-बटणं करतात आणि माझ्या शिवणीला नावं ठेवतात. काल आळीतल्या तुळसाला सांगत होत्या, "आमच्या दुकानान गर्दी असते." आमच्या! मी मशीन जोरात चालवलं, हसू ऐकू जाऊ नये म्हणून.

५ नोव्हेंबर

भावजींनी खळं विकलं.

बिल्डरला. पूर्ण. माझा अर्धा भागही. चार मजली इमारत होणार. मोजणीवाले फीत घेऊन माझ्या दाराशी आले तेव्हा मला कळलं.

मी ओट्यावर गेले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडले. कधी नव्हे ते. भावजी शांत. म्हणाले, "कागदावर तुजा नाव हाय कं?" आई मागून आल्या. "दाम्या, त्या खळ्यान मी जलमभर मासली सुकवली. मना ईचारलास?" त्यांच्याकडे बघून म्हणाले, "आये, तुला काय कलतंय त्यातला? गप बस."

आई गप्प बसल्या. मला त्यांचा फार राग आला. एवढं तोंड चालतं, आणि मुलापुढे मात्र बंद!

१२ नोव्हेंबर

गावकीची बैठक झाली. पाच जाणते आले. मला वाटलं होतं, निदान एखादा तरी बोलेल. भावजी उभे राहिले. "घर असता तं मी सोता बोललो असतो, शेवंतीचा घर हाय, तोडू नका. पन त्याला पाया हाय कं? तो डबा हाय. सामान हाय. सामानाचा जागेवर हक्क कसला?" जाणत्यांनी माना डोलावल्या.

वर म्हणाले, महिन्याअखेर सामान हललं नाही तर बिल्डरची माणसं गॅसकटरने तुकडे करून भंगारात देतील.

घरी येऊन पुष्कळ रडले. लिहिते ते खरं लिहिते. दारावरच्या पाटीला टेकून रडले. आईंनी जेवायला वाढलं. रात्रभर तोंड भिंतीकडे करून होत्या. मला वाटलं, आता त्या ओट्यावर परत जातील. त्यांचा मुलगा आहे शेवटी.

१४ नोव्हेंबर

ठाण्याला गेले. सरोजने वकील गाठून दिला. ते म्हणाले, ताई, नवऱ्याच्या हिश्श्यावर तुमचा हक्क आहे, केस घाला. वर्षं लागतील. घातली! लागू देत वर्षं.

पण कटरवाला वर्षं थांबणार नाही.

१६ नोव्हेंबर

सकाळी मशीनवर बसले आणि पायच चालेना. नुसती बघत बसले. भिंत, खिडकी, वरचा कोपरा. तो कोपरा मी शिडीवर चढून हाताने तपासून घेतलाय. शेठ हसला होता. सरोज, वेल्डर, सगळे म्हणाले होते, उचलतंय कोण?

मी उचलतेय!

सामान आहे ना? बरं. भरल्या सभेत तुम्हीच म्हणालात, भावजी. सामान माणूस बरोबर घेऊन जातो.

मामाला निरोप धाडलाय — तुझ्या अंगणात जागा आहे म्हणालास, आता ती दे. पण मी चुलीशी बसायला येत नाही. माझं घर घेऊन येतेय. चार ठोकळे मांडून ठेव, दार नदीकडे येईल असे.

१९ नोव्हेंबर

मामाचं उत्तर: "ठोकले मांडले. लेव्हल केली. ये."

क्रेनवाला तोच. टेअर विचारलं, मी तोंडपाठ सांगितलं. आतला सगळा माल काढून टेम्पोत जायचा, डबा रिकामाच उचलायचा. येऊन कोपरे पाहून गेला, सीएससीची पाटी वाचली. म्हणाला, "ताई, मस्त उचलेल. ह्याच्या जागी भंगार असतं तर मी हातच लावला नसता." त्याला चहा दिला, आणि बिस्किटं.

आईंना काल रात्री सांगितलं, पुढच्या रविवारी निघते. "हं," म्हणाल्या. एवढंच. आज सकाळी देव्हारा जागेवर नव्हता, म्हणजे तो मोठ्या घरी परत नेला असणार. ठीक आहे. मी कोण अडवणारी? पण दिवसभर माझी काजं वाकडी झाली.

२६ नोव्हेंबर १९९५

उचलला. आळीतल्या सगळ्यांनी पाहिलं, ह्या वेळी शिट्ट्या नाहीत. भावजी ओट्यावर उभे. मी त्यांना हात जोडले आणि ट्रेलरच्या केबिनमध्ये चढायला गेले, तर माझ्या जागेवर आई बसलेल्या. मांडीवर देव्हारा, पायाशी घोंगडी, ड्रायव्हरला सांगतायत की खड्डे बघून चालव.

मी म्हटलं, "आई, तुम्ही कुठे?"

वैतागून म्हणाल्या, "घर चाललाय ना? मंग मी हितं कोनाकडं ऱ्हाऊ?"